इव्हो की एसटीआय? आणि आता दोन्ही बंद झाल्यावर पुढे काय?

घाटवळण

मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सची जास्त धारदार आवृत्ती एसटीआय या दोन गाड्यांबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहून झालंय. पण त्यांची चुरस एका जागी कुणी मांडलेली दिसली नाही, म्हणून हा धागा काढतोय. इव्होचं उत्पादन २०१५-१६ मध्ये थांबलं. एसटीआय जपानात २०१९ला संपली, अमेरिकेत २०२१ला. मार्च २०२२ मध्ये सुबारूने सांगून टाकलं की नव्या डब्ल्यूआरएक्सवर पेट्रोल इंजिनाची एसटीआय येणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. या गाड्या कुठल्या मालकाच्या हौसेतून निघाल्या नाहीत. मोटार रॅलीच्या, म्हणजे जंगलवाटांवर घड्याळाशी लावलेल्या शर्यतीच्या, नियमपुस्तकातल्या एका अटीमुळे त्या जन्माला आल्या. त्यांच्या भविष्याबद्दल बोलायचं तर आधी त्या अटीबद्दल बोलायला हवं.

१९८६च्या कोर्सिका रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांचा अपघातात मृत्यू झाला आणि ग्रुप बी हा अफाट ताकदीच्या गाड्यांचा वर्ग बंद करण्यात आला. १९८७पासून मुख्य वर्ग झाला ग्रुप ए. अट अशी की जी गाडी रॅलीत पळवायची, तीच शोरूममध्ये विकायची; आणि पाच-पन्नास नाही, सुरुवातीला वर्षाला ५०००, पुढे २५००. म्हणजे रॅलीत टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि फोर व्हील ड्राइव्ह हवं असेल तर गिऱ्हाइकाच्या गाडीतही ते द्यायलाच लागणार. लान्चिया डेल्टा याच अटीवर १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं जागतिक रॅलीतलं कंपन्यांचं विजेतेपद घेऊन बसली होती.

मित्सुबिशीकडे तेव्हा गॅलंट व्हीआर-४ होती आणि सुबारूकडे लेगसी आरएस. दोन्ही वेगवान, पण अरुंद जंगलवाटांना थोराड. दोन्ही कंपन्यांनी एकच उपाय काढला : मोठ्या गाडीचं इंजिन आणि ड्राइव्ह उचलायचा आणि धाकट्या सेडानमध्ये बसवायचा. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काही आठवड्यांच्या अंतराने, पहिली इव्हो आणि पहिली इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स जपानी बाजारात आल्या. दोन्हींना चार दारं, डिकी, दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि फोर व्हील ड्राइव्ह.

कागदावर जुळ्या वाटतात, पण आतून अगदी वेगळ्या. इव्होचं ४जी६३ म्हणजे सरळ रांगेतलं चार सिलिंडरचं, लोखंडी ब्लॉकचं, आडवं बसवलेलं इंजिन. सुबारूचं ईजे२० बॉक्सर, म्हणजे दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे पडलेले. त्यामुळे वजन खाली राहतं आणि सगळी यंत्रणा डावी-उजवीकडे सारखी बसते. इव्होचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी, पुढच्या बंपरमधून सरळ दिसतो. सुबारूचा इंजिनाच्या डोक्यावर असतो, म्हणून बॉनेटवर तो मोठा हवेचा खोका.

खरा मतभेद डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांमध्ये ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या जोडणीचा. मित्सुबिशीने १९९६च्या इव्हो फोरमध्ये, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, मागच्या चाकांची ताकद डावी-उजवीकडे वाटणारी एवायसी आणली आणि २००१च्या इव्हो सेव्हनमध्ये मधला डिफरन्शियलही कॉम्प्युटरच्या हाती दिला. वळणात गाडी स्वतःच नाक आत ओढते. सुबारूने मधल्या डिफरन्शियलचं लॉक चालकाच्या बोटाशी दिलं. गिअरजवळचं छोटं चाक फिरवा आणि मागेपुढे किती घट्ट हवं ते तुम्हीच ठरवा. मी इव्होच्या बाजूचा आहे, लपवत नाही. पण सुबारूवाल्यांनी आपली बाजू जरूर मांडावी.

आणखी एक गोष्ट. इव्होचं 'आरएस' नावाचं मॉडेल मिळायचं. त्याला एसी नाही, काचा हाताने फिरवायच्या, चाकं साधी लोखंडी. कारण ते विकत घेणारे रॅलीचे संघ घरी नेल्यावर हे सगळं उपटूनच टाकणार होते. शोरूममधल्या पत्रकावर अशी गाडी छापलेली असायची! या गाड्या कुणासाठी बनत होत्या हे मला त्या एका मॉडेलमधून सगळ्यात स्वच्छ दिसतं.

बॉक्सरबाबा

मस्त धागा. सुबारूची बाजू मी घेतो.

कंपन्यांची विजेतेपदं १९९५, १९९६, १९९७ अशी लागोपाठ तीन. मित्सुबिशीला ते एकदाच मिळालं, १९९८ला. चालकांमध्ये कॉलिन मॅकरे १९९५, रिचर्ड बर्न्स २००१, पेटर सोलबर्ग २००३. निळा रंग आणि त्यावर पिवळे ५५५ (प्रायोजक सिगारेटचं नाव) ही आज कुठल्याही रॅलीवेड्याच्या डोळ्यांपुढे उभी राहणारी गाडी आहे.

१९९५चा शेवट तर विसरता येत नाही. स्पेनच्या रॅलीत कार्लोस साइन्झ पुढे, मॅकरे दुसरा, दोघेही सुबारूचे. संघाने हुकूम दिला, आहे त्या क्रमाने या. मॅकरे ऐकेना, साइन्झला मागे टाकून शेवटपर्यंत सुसाट आला. मग त्याला एका चेकपॉइंटवर मुद्दाम एक मिनिट उशिरा हजेरी लावायला लावून दंड घ्यायला लावला, तेव्हा कुठे साइन्झ पहिला आला. दोघांचे गुण सारखे झाले आणि शेवटची रॅली ब्रिटनमध्ये, मॅकरेच्या घरच्या मैदानावर. तिथे त्याने साइन्झला हरवलं आणि २७व्या वर्षी जगज्जेता झाला. अशी चुरस एका संघाच्या आतच पेटली होती, मित्सुबिशी तर बाहेर वेगळी उभी होती.

आणि आवाज! बॉक्सरच्या दोन बाजूंचे एक्झॉस्टचे पाइप कमी-जास्त लांबीचे असायचे. एका बाजूचा धूर टर्बोपर्यंत किंचित उशिरा पोचायचा, म्हणून ठोके सारखे न पडता ती घुमणारी गुरगुर निघायची. पुढे जपानी एसटीआयला ट्विन-स्क्रोल, म्हणजे धुरासाठी दोन वेगळ्या वाटा असलेला, टर्बो आला, त्याला समान लांबीचे पाइप लागतात. प्रतिसाद सुधारला आणि ती गुरगुर गेली. मला विचाराल तर मी जुनी गुरगुर घेईन.

एक जाता जाता. सुबारूचं मूळ नाकाजिमा या विमान कंपनीत आहे आणि ओता गावात आजही त्यांचा कारखाना आहे. दुसऱ्या महायुद्धातलं झीरो विमान मित्सुबिशीने आखलं, त्यातलं साकाए इंजिन नाकाजिमाचं, आणि निम्म्याहून जास्त झीरो नाकाजिमानेच बांधली. एकाच विमानावर राबलेल्या दोन कंपन्या पन्नास वर्षांनी जंगलातल्या मातीत एकमेकींसमोर आल्या.

तळेगावकर

वाचतोय. भारताचा धागा मी जोडतो.

लान्सर आपल्याकडे १९९८ला हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातून आली. इव्होचं काहीही त्यात नव्हतं, पण ठेवण तीच. म्हणून तर आपल्या पिढीतल्या किती जणांनी त्या लान्सरला मागे मोठा स्पॉयलर लावला असेल! २००६ला आलेली पुढच्या पिढीची लान्सर, सीडिया, आपल्या रॅलींमध्ये जोरात पळाली. अस्सल इव्हो टेन २०१०मध्ये इथे अधिकृतपणे विकायला आली, किंमत पन्नास लाखांच्या घरात. एवढे पैसे मोजणाऱ्याला तेव्हा बोनेटवर जर्मन चिन्ह हवं असायचं, त्यामुळे ती अगदी थोड्यांनी घेतली.

सुबारू या नावाने भारतात कधी दुकान लागलं नाही. पण बॉक्सर इंजिन आपल्या रस्त्यांवर येऊन गेलंय. शेव्हरोले फॉरेस्टर आठवते का? ती सुबारूचीच फॉरेस्टर होती. जनरल मोटर्सचा तेव्हा सुबारूच्या कंपनीत हिस्सा होता, म्हणून त्यांनी आपला बिल्ला लावून विकली.

आणि एमआरएफच्या संघाने आशिया-पॅसिफिक रॅलीत इव्हो पळवली आहे. २०१०चं विजेतेपद कात्सुहिको तागुचीने एमआरएफच्या इव्हो टेनमध्येच मिळवलं. त्याच संघातून पुढे गौरव गिल २०१३ला विजेता झाला, पण तोवर गाडी स्कोडा झाली होती.

मृण्मयी_प्र

रॅलीतलं मला फार ठाऊक नाही, पण धागा सोडवेना. एक शंका. सगळं त्या अटीमुळे झालं असं म्हणताय. ती अट कधी गेली? आणि गेली तर गाड्या त्याच वेळी का नाही बंद झाल्या?

घाटवळण

@मृण्मयी_प्र, तुमच्या प्रश्नातच सगळं आलं.

१९९७ला 'वर्ल्ड रॅली कार' नावाचा नवा नियम आला. आता खास गाडी २५०० गिऱ्हाइकांना विकायची गरज उरली नाही. साधी, मोठ्या संख्येने खपणारी गाडी घ्या आणि तिच्यात टर्बो, फोर व्हील ड्राइव्ह वगैरे रॅलीपुरतं बसवा. सुबारू लगेच तिकडे गेली आणि दोन दारांची इम्प्रेझा घेऊन आली. मित्सुबिशी मात्र २००१पर्यंत ग्रुप एलाच चिकटून राहिली. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार विजेतेपदं घेतली ती शोरूममधल्या इव्होच्या सख्ख्या बहिणीत बसून. १९९७ला मॅकरेपेक्षा फक्त एक गुण जास्त! माझा इव्होकडे कल आहे तो या चार वर्षांमुळे.

अट गेल्यावरही गाड्या टिकल्या त्याची मला दोन कारणं दिसतात.

पहिलं ग्रुप एन. या वर्गात गाडी जवळजवळ शोरूममधल्यासारखीच ठेवावी लागायची, आणि तो खाजगी चालकांचा वर्ग. जगभरातल्या हौशी, स्वतःच्या पैशाने पळणाऱ्या लोकांना कारखान्याची तयार गाडी हवी असायची. १९९५पासून २०१२पर्यंत या वर्गाचं जागतिक विजेतेपद दर वर्षी इव्हो किंवा इम्प्रेझानेच घेतलं. अपवाद म्हणावा तर २००२चा, मलेशियाच्या करमजित सिंगचा. पण त्याची प्रोटॉन पर्टही मुळात इव्होवरच बेतलेली. तिसऱ्या कंपनीला तिथे शिरकावच नव्हता.

दुसरं कारण त्या एकमेकींसाठी जगल्या. इव्होने काही नवं काढलं की सुबारूला वर्षभरात उत्तर द्यावं लागायचं, आणि उलट. जपानी कंपन्यांचा २८० अश्वशक्तीच्या वर न जाण्याचा आपसातला करार होता, २००४पर्यंत. त्यामुळे आकडा वाढवता येत नव्हता. मग सगळी अक्कल टॉर्क, ब्रेक, डिफरन्शियल आणि वजन यांत ओतली गेली. इव्हो फोरला तर त्यांनी अख्खं इंजिन १८० अंशांत उलटं फिरवून बसवलं! मला वाटतं त्या कराराने या दोन गाड्यांचं भलंच केलं.

कॉव्हेंट्रीकर

मी ज्या भागात राहतो तिथेच ही लढाई शिजत होती. सुबारूची रॅलीची गाडी प्रोड्राइव्ह बनवायची, बॅनबरीत. मित्सुबिशीची रॅलिआर्ट युरोप रग्बीत. दोन्ही गावं एकमेकांपासून गाडीने तासाभराच्या आत. म्हणजे जपानी चुरस, पण निम्मे मेकॅनिक मिडलंड्सचे. इथे आजही जुन्या लोकांशी बोलायला बसलं की कुणाचा तरी भाऊ नाहीतर मेहुणा या दोनपैकी एका संघात पाना फिरवत होता असं निघतं.

१९९८ची ब्रिटनची रॅली राहिली की सांगायची. मॅकिनेन पहिल्याच दिवशी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरला, काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळला, चाक गेलं. खेळ खलास. साइन्झ तेव्हा टोयोटात, त्याला नुसतं चौथं येणं पुरे होतं. शेवटच्या स्टेजवर, म्हणजे घड्याळ लावून पळायच्या टप्प्यावर, तो चौथाच होता आणि अंतिम रेषेच्या तीनशे मीटर अलीकडे इंजिन बसलं. सहचालक लुईस मोयाने चिडून हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेवर फेकून मारलं. विजेतेपद मॅकिनेनला.

आता बंद का पडल्या त्याबद्दल. मित्सुबिशीची गाडी रॅलीमुळे नाही, घरच्या कारभारामुळे अडकली. ग्राहकांच्या तक्रारी आणि गाड्यांमधले दोष वर्षानुवर्षं दडवल्याचं प्रकरण २०००ला आणि पुन्हा २००४ला बाहेर आलं. २००४लाच मित्सुबिशीत मोठा हिस्सा असलेल्या डाइमलर-क्रायस्लरने आणखी पैसे ओतायला नकार दिला. २००५च्या अखेरीस मित्सुबिशी जागतिक रॅलीतून बाहेर. सुबारू डिसेंबर २००८ मध्ये, मंदीच्या लाटेत. त्यानंतर इव्हो टेन आणि एसटीआय रस्त्यावर होत्या, पण ज्या मैदानासाठी त्या होत्या तिथे त्यांचा कारखाना नव्हता. रॅलीतून अंग काढून रॅलीची गाडी विकत राहणं फार काळ चालत नाही.

न्यूजर्सीतला_सातारकर

इथे अमेरिकेत परदेशी बाजाराची गाडी २५ वर्षं जुनी झाली की आणता येते. त्यामुळे इव्हो फाइव्ह, सिक्स आणि ती जपानसाठी ४००च बनवलेली १९९८ची सुबारू २२बी आता हळूहळू येऊ लागल्यात. लोक त्या तिजोरीत ठेवायला घेतात. वाईट वाटतं. चिखलासाठी बनवलेली गाडी कार्पेटवर उभी.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मी इव्हो आणि एसटीआय दोन्ही वापरल्यात. अमेरिकेतल्या एसटीआयचं अडीच लिटरचं इंजिन टर्बोच्या जास्त दाबावर (बूस्टवर) ट्यून केलं की पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तडकते. आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमधला दाब आणि गळती, यांची चाचणी करा, चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या, मगच पैशाचं बोला. माझ्या एसटीआयच्या वेळी एका गॅरेजने 'सगळं ठीक आहे' असं तोंडी सांगितलं आणि तीन महिन्यांत इंजिन उघडायची वेळ आली. इव्होत मागच्या एवायसीचा पंप बघा; मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेली गाडी असेल तर तो गंजतो आणि नवीन पंपाची किंमत ऐकून घाम फुटतो. त्यामानाने ४जी६३चा लोखंडी ब्लॉक मार खातो पण मोडत नाही. घाटवळण यांच्या बाजूने एक मत माझं.

बॉक्सरबाबा

@न्यूजर्सीतला_सातारकर, रिंगांचं खरं आहे, नाकारत नाही. पण जपानातल्या दोन लिटरच्या ईजे२०ला तो डाग लावू नका. ते १९८९ला लेगसीत आलं आणि २०१९ला संपलं. तीस वर्षं! शेवटची आवृत्ती ५५५ गाड्यांची काढली आणि त्या सोडतीने वाटल्या. प्रदूषणाचे आणि सरासरी मायलेजचे नियम कडक होत गेले, त्यात एवढं जुनं इंजिन पुढे नेणं शक्य नव्हतं. कॉव्हेंट्रीकरांच्या कारणांत हेही धरा.

ओहमचा_नियम

माझं मत इथे अनेकांना पटणार नाही, तरी मांडतो. इव्होने एवायसीतून जे साधलं, म्हणजे एका मागच्या चाकाला जास्त ताकद देऊन गाडी वळवायची, ते पंप, क्लच आणि गिअरांच्या जंजाळातून साधलं. प्रत्येक चाकाला वेगळी मोटर दिली तर तेच काम मिलिसेकंदात होतं आणि तेलही बदलावं लागत नाही. इव्हो टेनबरोबर २००७ला आलेली एस-एडब्ल्यूसी ही चारही चाकांची ताकद सांभाळणारी प्रणाली मित्सुबिशीने नंतर आउटलँडरच्या प्लगइन हायब्रिडमध्ये दोन मोटरींवर उतरवली. म्हणजे ज्ञान मेलेलं नाही, फक्त ते आता कुटुंबाच्या एसयूव्हीत बसलंय. तिथून ते परत एका सेडानमध्ये आणायला कुणाचा हात धरलाय?

घाटवळण

@ओहमचा_नियम, आउटलँडरचा मुद्दा मोलाचा, तो माझ्या लेखात यायला हवा होता. पण हात धरलाय तो वजनाने. बॅटरीमुळे गाडीचं वजन चारपाचशे किलोने वाढतं. मोटर कितीही चपळ असली तरी खड्ड्यावरून उडून खाली आदळताना ते वजन सस्पेन्शनलाच झेलावं लागतं. शिवाय जंगलात दिवसभर स्टेजमागून स्टेज पळायचं आणि मध्ये चार्जिंगला तास द्यायचा, हे रॅलीच्या वेळापत्रकात बसत नाही. जागतिक रॅलीने २०२२ला हायब्रिड आणलं आणि २०२५ला काढून टाकलं.

मला वारस दिसतो तो टोयोटाच्या जीआर यारिसमध्ये. २०२०ची ती गाडी बघा : १.६ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो, फोर व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअर. टोयोटाने ती आणली कारण रॅलीच्या गाडीसाठी त्यांना पाया हवा होता. म्हणजे पुन्हा तेच, मैदानाची गरज आधी आणि शोरूम नंतर. आणि ती घडवण्यात कोण? टॉमी मॅकिनेन. मित्सुबिशीत चार वेळा जगज्जेता, २००२ला सुबारूत जाऊन मोंटे कार्लो जिंकलेला, मग टोयोटाच्या रॅली संघाचा प्रमुख. २०२५ला एस्टोनियाची रॅली यारिसच्याच रॅली गाडीतून जिंकली ऑलिव्हर सोलबर्गने, सुबारूच्या पेटरच्या मुलाने.

तळेगावकर

यारिस गुणी आहे, मान्य. पण तीन दारं! इव्हो-एसटीआयची गंमतच ही होती की मागे आईबाबा बसतात, डिकीत दोन बॅगा जातात, लग्नाला नेली तरी कुणी वळून बघत नाही, आणि त्याच गाडीने रविवारी पहाटे ताम्हिणी चढता येतो. धाकट्या दोन दारांच्या गाडीत ताकद बसवणं सोपं. घरच्या गाडीत बसवणं हे त्या दोघींचं कर्तृत्व. आज तशी चार दारांची गाडी हवी तर जीआर कोरोला आहे, पण तीही हॅचबॅकच.

मृण्मयी_प्र

+१. आमच्याकडे 'गाडी घ्यायची' म्हणजे सगळे मावतील अशीच घ्यायची. त्यामुळे तळेगावकरांचं लगेच पटलं.

कॉव्हेंट्रीकर

२०२७पासून रॅलीचे नवे नियम येतायत. गाडीच्या किमतीला ३,४५,००० युरोची मर्यादा, आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, आणि वरचं कवच बऱ्यापैकी मोकळं. मोठ्या कंपन्याच नाही, छोटे ट्यूनरही गाडी बनवू शकतील. स्पर्धा वाढेल, चांगलं आहे. पण घाटवळण यांच्या मुद्द्याच्या अंगाने पाहिलं तर शोरूमशी असलेलं नातं आणखी पातळ होतं. वरच्या वर्गासाठी कुणालाच खास रस्त्यावरची गाडी काढायची गरज नाही. खालच्या रॅली२ वर्गात पाया अजून विक्रीच्या गाडीचा लागतो. काही होणार असेल तर तिथूनच होईल.

मित्सुबिशीने रॅलिआर्ट हे नाव २०२१ला पुन्हा काढलं आणि २०२२ची आशिया क्रॉस कंट्री रॅली जिंकली, पण ट्रायटन पिकअपमधून. त्यांचा पैसा आज पिकअप आणि एसयूव्हीत आहे. इव्होसारखी सेडान त्यांच्या यादीत दिसत नाही.

बॉक्सरबाबा

सुबारूकडून मात्र आशा ठेवायला जागा आहे. ऑक्टोबर २०२५च्या जपान मोबिलिटी शोमध्ये त्यांनी एसटीआयच्या नावाने दोन संकल्पना दाखवल्या, एक विजेवरची आणि एक 'परफॉर्मन्स-बी'. बी म्हणजे बॉक्सर. पाच दारांची हॅचबॅक आहे, सेडान नाही, पण बॉनेटवरचा हवेचा खोका आहे. टोयोटाचा सुबारूत २० टक्के हिस्सा आहे आणि रॅलीवेडा वरिष्ठ टोयोटात बसलेला आहे, हीही जमेची बाजू.

घाटवळण

परफॉर्मन्स-बी मलाही आवडली. पण सुबारूने २०२५ला काढलेली एस२१० आठवा : फक्त ५००, फक्त जपानात, आणि गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक. संग्राहकांसाठी अशी गाडी काढणं निराळं आणि २५०० जणांना रॅलीची गाडी विकणं निराळं. परफॉर्मन्स-बी खरंच बाजारात आली तर मी तिचं एकच बघेन, तिच्यावर रॅली२चा परवाना काढतात की नाही. काढला तर समोर यारिस आहेच, आणि सुबारूला पुन्हा दर वर्षी उत्तर द्यावं लागेल.

बॉक्सरबाबा

बघूया. परवाना काढला तर पुढचा धागा मी काढतो.